सर्जा बाळंत झाला

उंदीर आमच्या मुळावर उठले होते असं मी म्हणते, ते नुसतं बोलायचं म्हणून नाही. मखमलाबादच्या शिवारात आमचा फुलांचा मळा होता. गुलाब, शेवंती आणि सगळ्यात जास्त निशिगंध. निशिगंध कंदावर येतो, आणि जमिनीखालून उंदीर ते कंद कुरतडायचे. काल ताठ उभं असलेलं रोप आज मान टाकायचं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, असं रोप दिसलं की वाकून ते उपटायचे आणि अर्धा खाल्लेला कंद तळहातावर घेऊन थोडा वेळ नुसते उभे राहायचे. मग दुपारी ओसरीवर बसून पिठात गूळ-तेल कालवायचे, त्यात काळं औषध मिसळायचे, आणि तोवर मला नि धाकट्या छायाला लांब बसायला सांगायचे. बिळात पाणी सोडलं की बाहेर येणारा उंदीर ते फावड्याच्या एका घावात आटपत. त्यात त्यांना राग नसे आणि मजाही नसे. तण काढावं तसं ते काम होतं. अशा घरात माझ्या मामाने उंदरांची जोडी पाळायला आणून दिली.

मामाचं नाव सुदाम, आईचा पाठचा भाऊ. त्याचा टेम्पो होता. आमची आणि आसपासच्या मळ्यांची फुलं भरून तो कसारा घाटाने दादरच्या फूलबाजारात न्यायचा आणि येताना कधी रिकाम्या हाताने येत नसे. आमच्या घरचा दिवस त्याच्या टेम्पोच्या आवाजाने सुरू व्हायचा. अंधार असतानाच तो गुरगुरत दारात येऊन थांबे. आत आईच्या हाताखाली भाकरी थापल्याचा आवाज चाललेला असे, ओल्या पोत्यांत गुंडाळलेल्या फुलांचा वास घरभर भरलेला असे, आणि दादा मोजकं बोलत गठ्ठे वर चढवत असत. मामा उभ्याउभ्याच भाकरी खायचा, वर खुरासणीची काळी चटणी आणि तेलाची धार. घास तोंडात असतानाच तो आदल्या खेपेच्या गोष्टी सांगायचा. दादा त्याच्याकडे न बघता ऐकायचे. त्या दोघांचा स्वभाव इतका वेगळा होता, की आई कधी कधी दोघांना एकदम वाढताना मनाशीच हसायची.

एकदा परतताना त्याने बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणला. झाकणाला भोकं पाडलेली. मुंबईच्या बाजारात एका विकणाऱ्याकडे त्याला ते दिसले, म्हणाला. वाळवंटातले उंदीर आहेत, वास येत नाही, पाणी फार लागत नाही, आणि दोन्ही नर आहेत, त्यामुळे पिल्लांची भानगड नाही. हे शेवटचं त्याने दादांकडे बघून जरा मोठ्याने सांगितलं. झाकण उघडलं तेव्हा छाया माझ्या मागे लपली आणि मीही दोन पावलं मागे सरले. पण आत आमच्या ओळखीचा उंदीर नव्हता. मातकट सोनेरी रंग, पोट पांढरं, काळेभोर मोठे डोळे, आणि शेपूट उघडी नागडी नाही, केसाळ, टोकाला झुपका असलेली. आमच्याकडे बघून दोघेही मागच्या पायांवर उभे राहिले आणि पुढचे पाय छातीशी धरून थांबले, जसं काही पाहुणे आम्हीच होतो. छायाने त्यांची नावं सर्जा आणि राजा ठेवली. आमच्या शेजारच्या मळ्यात त्या नावाची बैलजोडी होती, आणि जोडी म्हटली की तिला दुसरी नावं माहीतच नव्हती.

दादांनी मेव्हण्याचं मन मोडलं नाही. घरातून बाहेर पडता कामा नयेत, एवढंच म्हणाले. मामाने कुठल्याशा मिठाईच्या दुकानातली जुनी काचेची पेटी मिळवून दिली, तिला वरून जाळी बसवली. आम्ही गोदावरीतून वाळू आणून माती-गवतात कालवली आणि पेटी अर्ध्यापर्यंत भरली. त्या दोघांनी एका दिवसात तिचा कायापालट केला. काचेला लागूनच त्यांनी बोगदे काढले, त्यामुळे जमिनीच्या पोटात काय चालतं ते आम्हाला बाहेरून दिसू लागलं. एक पुढच्या पायांनी उकरायचा, दुसरा मागे ढकलायचा. पुठ्ठ्याचा तुकडा टाकला की त्याच्या बारीक बारीक पट्ट्या करून खाली नेत आणि तिथे गादी घालत. मी शाळेतून आले की दप्तर न काढता पेटीसमोर बसायची. माझं सगळं बालपण जमिनीच्या वर गेलं होतं, फुलं वेचण्यात. खाली एवढा संसार असू शकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. आणि त्यांचा एक आवाज होता. काही दचकवणारं झालं, भांडं पडलं, कुत्रं ओसरीवर आलं, की राजा मागचा पाय जमिनीवर आपटायचा. धप् धप्, धप् धप्. एवढ्याशा जिवातून येणारा तो ठोका स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाई. आई म्हणायची, ढोलकीवाला उठला.

सर्जाचं पोट वाढतंय हे आधी आईच्या लक्षात आलं. तिला वाटलं, मी चोरून शेंगदाणे घालते. मला वाटलं, छाया घालते. मग एका सकाळी मी पेटीजवळ गेले तर खालच्या गादीतून आवाज येत होता. तो आवाज मला आजही नीट सांगता येत नाही. पाखराच्या पिल्लासारखा म्हणावा तर त्याहून बारीक, दोन काचा एकमेकींवर हळू घासाव्यात तसा. मी काचेला नाक लावलं. गादीच्या फटीतून भिजवून सोललेल्या शेंगदाण्यांसारखं काहीतरी गुलाबी हलत होतं. डोळे नाहीत, केस नाहीत, कातडी इतकी पातळ की एकाच्या पोटात प्यायलेलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसत होतं. आणि त्यांच्यावर सर्जा आडवा झाला होता. मी आईला हाक मारली. तिने पिठाचे हात तसेच वर धरून वाकून बघितलं आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "अगं, सर्जा बाळंत झाला."

त्या दिवशी घरात सगळे हळू बोलत होते. कोणी तसं सांगितलं नव्हतं. छाया तर कुजबुजतच होती. मला सारखं वाटत होतं, काल या पेटीत दोन जीव होते, कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही, आणि आज इतके आहेत. बाळ कसं होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. गाय व्यायलेली बघितली होती. पण गाईचं आधीपासून सगळ्यांना माहीत असतं, वाट बघितली जाते, माणसं जमतात. हे कोणाला न विचारता, न सांगता, आमच्या चुलीपासून चार हातांवर होऊन गेलं होतं.

दादा बाजारातून आले. आईने त्यांना हातपाय धुऊ दिले, चहा दिला, आणि मग सांगितलं. ते पेटीपाशी गेले, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाले, यांना आजच कालव्यापलीकडे कुठंतरी लांब टाकून येतो. एकदा का हे वाफ्यात शिरले, तर आपण उठलो इथून. ते काही खोटं बोलत नव्हते. त्या वर्षी तसाही निशिगंधाचा एक पट्टा गेला होता. मी रडायला लागले, छाया माझ्याकडे बघून रडायला लागली, पण दादा रडण्याने बदलणारे नव्हते. तेव्हा आई पदराला हात पुसत मध्ये येऊन उभी राहिली.

"बाळंतीण हाय ती," आई म्हणाली. "सव्वा महिना कुणी बाळंतिणीला घराबाहेर काढतं का?"

"उंदराची बाळंतीण?"

"बाळंतीण ती बाळंतीण. सव्वा महिना होऊ द्या, मग काय करायचं ते करा."

दादांनी कमरेवरचे हात खाली घेतले. ते म्हणाले, ठीक आहे, सव्वा महिना. पण यापुढे आणखी नकोत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तारेची बारीक जाळी कापली आणि पेटीच्या मधोमध खाली तळापर्यंत खुपसून उभी केली. एका बाजूला सर्जा आणि पिल्लं, दुसऱ्या बाजूला राजा. काम पक्कं झालं का ते बघायला त्यांनी जाळी दोनदा हलवून बघितली. राजाने आधी सगळीकडून उकरून बघितलं. मग उकरायचं सोडलं आणि जाळीला अंग लावून झोपायला लागला. पलीकडून सर्जाने आपली गादी हळूहळू सरकवत जाळीपाशी आणली. मधे तार होती, पण झोपताना ते एकमेकांना टेकलेले असत.

पहिली पिल्लं मोठी झाली. त्यांच्या अंगावर मखमल आली, डोळे उघडले, ती सुपारीएवढी असताना आईबापासारखी मागच्या पायांवर उभी राहायला लागली आणि तोल जाऊन मागे पडायला लागली. दाणे फोडायला लागली तशी मामाने ती टेम्पोतून नेली आणि दादरला ओळखीच्या लोकांच्या मुलांना दिली. सव्वा महिना भरत आला. दादा दिवस मोजत होते हे आम्हाला ठाऊक होतं, कारण ते रोज आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे आणि मग पेटीकडे बघायचे. आणि नेमका तेव्हा, एका दुपारी, पुन्हा तो काच घासल्यासारखा आवाज आला.

जाळी जागेवर होती. एक तार तुटलेली नव्हती. दादांनी खाली बसून तळापर्यंत बोट घालून तपासली. नर एका बाजूला, मादी दुसऱ्या बाजूला, आणि तिच्याकडे पुन्हा गुलाबी पिल्लं.  मामा आला तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, देवळात काढावी तशी. याचा अर्थ आमच्यापैकी कोणालाच लागेना. शेवटी दादाच जाळीवरची माती झटकत उठले आणि आईला म्हणाले, पुन्हा सव्वा महिना आला म्हणायचा. तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. अवर्षण पडलेल्या रानात अचानक कुठे हिरवं उगवलं तर माणूस जसा आधी आजूबाजूला बघतो, तसे ते बघत होते.

माझी मुलगी अलीकडे मला फोनवर वाचून दाखवत होती. हे प्राणी मंगोलियाकडचे, त्यांना जर्बिल म्हणतात. आणि मादी बाळंत झाल्याबरोबर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते; अंगावरची पिल्लं पीत असली तर पोटातली वाढ ती लांबवतेसुद्धा. म्हणजे दादांनी जाळी लावायच्या आधीच ती दुसरी पिल्लं तिच्या पोटात थांबलेली होती, पहिल्यांचं पिऊन होईपर्यंत. मुलीला वाटलं, आता कारण कळलं म्हणजे माझं नवल संपेल. मला तर ते वाढल्यासारखं झालं. दादा असते तर त्यांना सांगितलं असतं. त्यांनी मान हलवून एवढंच विचारलं असतं, की मंगोलिया किती लांब.

दुसरी पिल्लं अंगावर कोवळी लव घेऊन, पण अजून मिटल्या डोळ्यांची होती, तेव्हा ती थंडी पडली. आमच्याकडे दर वर्षी पडते, निफाडकडे द्राक्षांवर बर्फ चढतो अशी. त्या पहाटे पाटाच्या कडेला पाणी गोठलं होतं आणि फुलांवरची पोती कडक झाली होती. मामाचा टेम्पो दारात चालू होता. मी पेटीवरची गोधडी काढली तर सर्जा गादीच्या बाहेर, कुशीवर पडलेला होता, पाय ताठ. नंतर मी खूप जणांना विचारलं, थंडीने का, दोन बाळंतपणांनी का, की आणखी कशाने. कोणाला सांगता आलं नाही. पिल्लं गादीत इकडेतिकडे विखुरली होती आणि त्यांचा आवाज जवळजवळ थांबला होता. जाळीपलीकडे राजा पाय आपटत होता. धप् धप्, थांबून पुन्हा धप् धप्. कदाचित तो केव्हापासूनचा आपटत असेल.

आईने पिल्लं पदरात घेतली, चुलीपाशी नेली, फडकं शेकून त्यांना गुंडाळलं, पण फडकं निवत होतं आणि पिल्लं तापत नव्हती. मामा दाराशी येऊन उभा राहिला होता. दादा गठ्ठा खाली ठेवून आत आले. त्यांनी आईच्या पदरात बघितलं, पेटीत बघितलं, आणि म्हणाले, जाळी काढतो. आई एकदम म्हणाली की तसं करू नका.

"खाईल तो त्यांना. बोका खातो तसा. नराला काय असतं?"

"थंडीनं मरणारच हायेत," दादा म्हणाले. "एकदा बघू तरी."

त्यांनी सर्जाला उचललं. उघड्या हाताने उचललं, पाठीखाली चार बोटं घालून, आणि शेजारी सुपात ठेवलं. मग जाळी ओढून काढली. आईने पिल्लं गादीत ठेवली. दादांनी आपला उजवा हात पेटीत राजाच्या अगदी वर धरून ठेवला, पंजा उघडा, त्याने तोंड घातलं तर तत्क्षणी धरता यावं म्हणून. त्या हाताने किती उंदीर मारले होते हे मला ठाऊक होतं. माझी नजर राजावर नव्हती, त्या हातावर होती.

राजा पिल्लांपाशी आला. एकेकाला हुंगलं. मग त्याने सगळ्यात लांब पडलेल्या पिल्लाला तोंडात धरलं. दादांचा हात खाली आला, आणि मधेच थांबला. राजाने ते पिल्लू गादीच्या मधोमध नेऊन ठेवलं. परत गेला, दुसरं आणलं. मग तिसरं. सगळी एका ठिकाणी झाल्यावर त्याने भोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, गवत, जे हाती लागेल ते ओढून त्यांच्यावर घेतलं, आणि पोट खाली टेकवून, अंग फुगवून तो त्यांच्यावर बसला. पुढच्या पायांनी एकेकाला खालून जवळ ओढत, चाटत. बाहेर मामाचा टेम्पो चालूच होता. कोणीतरी शेवटी जाऊन तो बंद केला.

दादांनी हात काढून घेतला नाही. पेटीसमोर ते उकिडवे बसले होते आणि हात तसाच आत, राजाच्या पाठीवर चार बोटं वर, अधांतरी. राजाला त्याची भीती वाटत नव्हती किंवा वेळ नव्हता. बाहेर उजाडलं. खालून पहिला बारीक आवाज आला, मग दुसरा. आईने तोंडावर पदर धरला. मामाने एकदा बाजाराची आठवण केली तेव्हा दादा मान न वळवता म्हणाले, आज जाऊ दे फुलं. माझ्या आठवणीत त्यांनी बाजार चुकवलेला तो एकच दिवस. लग्नाच्या दिवशीसुद्धा ते फुलं बाजारात पोचवून आले होते, असं आई सांगायची.

सर्जाला आम्ही गुलाबाच्या ताटव्यात पुरलं. खड्डा दादांनी काढला, कुत्र्याने उकरू नये म्हणून खोल.

राजाकडे ऊब होती, दूध नव्हतं. ते काम आईने अंगावर घेतलं. शेजारच्या शेळीचं दूध कोमट पाण्यात पातळ करून ती कापसाच्या वातीने एकेकाच्या तोंडाला लावायची. वात चोखताना त्यांचे पुढचे पाय हवेत चालायचे. आईने पिल्लू उचललं की राजा जागेवर उभा राहून तिच्या हाताकडे बघत राही, आणि तिने परत ठेवलं की तिचा वास पुसावा तसं चाटून काढी. दोन पिल्लं तरीही गेली. तीन राहिली. दादा त्या दिवसांत दुपारचं जेवण पेटीपाशी बसून जेवायला लागले. गुडघ्यावर भाकरी, समोर उडदाचं घुटं, आणि डोळे काचेवर.  सव्वा महिन्याचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि राजा आमच्याकडे म्हातारा होऊन, झोपेत गेला. पण ते पुष्कळ पुढचं.

मी तेव्हा पंचवटीतल्या शाळेत जायची, आठवीत. दादा माझ्या शाळेत कधी आलेले नव्हते. नाव घालायलासुद्धा मामाच आला होता. एके दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी शिपाई वर्गाच्या दारात आला आणि बाईंना म्हणाला, मंगलचे वडील आलेत, तिला न्यायला.  आमच्या भागात मुलीला भर शाळेतून न्यायला माणूस येतो तो एकाच कारणासाठी. बाईंनी माझं दप्तर भरून दिलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. जिन्यावरून उतरताना माझ्या डोळ्यांपुढे आई होती, मग छाया, मग पुन्हा आई.

दादा फाटकापाशी सायकल धरून उभे होते. मातीचे पाय, डोक्यावर टोपी, शर्टाची वरची गुंडी उघडी. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते घाईघाईने म्हणाले, घरी सगळे बरे आहेत. मग सायकल वळवली.

"एकानं डोळे उघडले," ते म्हणाले.

मी कॅरिअरवर बसले. सायकल रामवाडीच्या पुलाकडे निघाली. दादा पुढे बघत बोलत होते, आणि मी त्यांना सलग एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सकाळपासून पेटीपाशीच होते, म्हणाले. पापणीवर आधी एक रेघ आली, केसाएवढी. मग ती रेघ कडेने सुटली. मग आत काळं चमकलं.

"इतकी वर्षं फुलं लावतोय मी," दादा म्हणाले. "पण कळी उमलताना कधी बघितली नाय. संध्याकाळी मिटलेली असती, सकाळी उघडलेली असती. मधलं कधी दिसत नाय. हे दिसलं, मंगल. आणि त्यानं पयलं मला बघितलं."

पुढे मखमलाबादचा चढ लागला. तिथे मी नेहमी उतरून चालायची. मी उतरायला पाय खाली टाकला तर त्यांनी मागे न बघता हाताने मला थोपवलं आणि उभे राहून पायडल मारायला लागले.

"बस तू," ते म्हणाले. "दुसऱ्याचे अजून मिटलेले हायेत."